दुभंगलेली टाळू : शस्त्रक्रिया केव्हां करावी ?

(नभोवाणीवरील भाषण)

ग्रहण लागलें असतां गरोदर स्त्रीनें विळीला हात लावूं नये, कांहीं चिरूं नये, नाहीं तर होणाऱ्या मुलाचा ओठ फाटलेला निघतो, असा समज आपल्याकडे घरोघर ऐकूं येतो. त्यामुळें ओठ दुभंगलेलें मूल जन्मास आलें म्हणजे घरांतील वडीलधाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न मुलासंबंधीं नसतो, तो आईला असतो : "ग्रहणांत काय केलेंस ?" आधींच भेदरलेली ती बाळंतीण आठवूं लागते, आणि नऊ महिन्यांत केव्हां तरी भाजी चिरल्याचें तिला आठवतेंच. आजच्या भाषणाच्या आरंभींच मला त्या मातेला निःसंदिग्धपणें सांगावयाचें आहे, कीं यांत तिचा कांहींएक दोष नाहीं. ग्रहण पाळणाऱ्या देशांत आणि ग्रहणाची मुळींच पर्वा न करणाऱ्या देशांतहि हें व्यंग आढळतें. सगळ्या जगाचा विचार केला तर सुमारें ७०० जन्मांमागें एका मुलास तें असतें.

हें व्यंग उत्पन्न कसें होतें ? गर्भाचा चेहरा एकसंध असा तयार होत नाहीं. तो निरनिराळ्या भागांनीं जुळून बनतो. नाकाखालचा मधला भाग आणि दोन्ही गालांकडून येणारे भाग चौथ्या ते सातव्या आठवड्यांच्या दरम्यान एकमेकांस मिळतात व वरचा ओठ तयार होतो. टाळूचें काम त्यानंतर चालतें. जिभेच्या दोहों बाजूंस उभ्या पडद्यांसारखे दोन भाग लोंबत असतात. जीभ खालीं सरते, पडदे आडवे होतात आणि पुढून मागें असे सांधले जातात. बाराव्या आठवड्याच्या सुमारास हें काम संपतें. या सांधण्यांत कोठें खंड पडला कीं तेथें फट राहते. त्याचें कारण बहुधा एकच एक नसतें. वंशपरंपरेनें आलेला कल आणि गर्भाभोंवतालची परिस्थिति या दोहोंचा तो संयोग असतो. पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची पुरती खात्री होते न होते तोंच ओठाचें बरेंवाईट काय तें ठरून गेलेलें असतें. मग सहाव्या महिन्यांतील ग्रहणाचा आणि विळीचा त्याच्याशीं संबंध तो काय ?

कोणाचा नुसता ओठ दुभंगलेला असतो, कोणाची नुसती टाळू, तर कोणाच्या बाबतींत ओठापासून हिरडींतून थेट पडजिभेपर्यंत फट गेलेली असते. ती एका बाजूस असेल किंवा दोन्ही बाजूंस असेल. आजचा विषय मुख्यतः टाळूचा आहे. टाळूचे दोन भाग आहेत, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. पुढचा भाग हाडाचा, त्याला आपण कठीण टाळू म्हणूं. मागचा भाग स्नायूंचा व हलणारा, त्याला मृदु टाळू म्हणूं.

पहिला धक्का ओसरला म्हणजे आईबापांचा दुसरा प्रश्न येतो, आणि तो मात्र योग्य प्रश्न असतो : "डॉक्टर, शस्त्रक्रिया केव्हां करावयाची ?" फट आहे तर ती उद्यांच शिवून टाकावी, असें कोणालाहि वाटेल. आईबापांनाच काय, पुष्कळ वर्षें शस्त्रवैद्यांनाहि तसेंच वाटत होतें. परंतु या प्रश्नाचें उत्तर देतांना गेलें शतकभर वैद्यकशास्त्राला मोठा विचार करावा लागला आहे. कारण मूल वाढत असतें, आणि शस्त्रक्रियेचा वण वाढत नाहीं. या साध्या गोष्टींतून सारा प्रश्न निर्माण झाला आहे.

प्रथम लवकर शस्त्रक्रिया करावी असें म्हणणाऱ्यांची बाजू पाहूं. ती बाजू वाणीची आहे.

आपल्या वर्णमालेची व्यवस्था लावणाऱ्या प्राचीन पंडितांनीं क, च, ट, त, प या प्रत्येक वर्गाच्या शेवटीं एकेक अनुनासिक ठेविलें आहे. ङ, ञ, ण, न, म हे पांच वर्ण उच्चारतांना वारा नाकावाटें जातो. इतर व्यंजनांच्या वेळीं मृदु टाळू वर उचलली जाते, घशाच्या मागच्या भिंतीस टेकते आणि नाकाचा मार्ग बंद करते. श्रोत्यांना याचा पडताळा घरच्या घरीं पाहतां येईल. नाकपुड्यांखालीं थंड आरसा धरून "काका" असें म्हणावें आणि नंतर "मामा" असें म्हणावें. "काका" म्हणतांना आरसा स्वच्छ राहतो; "मामा" म्हणतांना त्यावर वाफ धरते. ज्या मुलाची टाळू दुभंगलेली आहे, त्याच्या तोंडाचें व नाकाचें दार एकच. तें "मामा" चांगलें म्हणतें. परंतु "बाबा" म्हणूं गेलें तर तेंहि "मामा"सारखेंच ऐकूं येतें. प, ब, त, द, क, ग या व्यंजनांना जो वाऱ्याचा दाब तोंडांत सांठवावा लागतो, तो सांठतच नाहीं. अशा बोलण्यालाच आपण गेंगाणें बोलणें म्हणतों.

आतां मूल बोलावयास केव्हां शिकतें ? पहिला शब्द वर्षाच्या सुमारास येतो, परंतु तयारी त्याच्या पुष्कळ आधीं चाललेली असते. सहा-सात महिन्यांचें मूल पाळण्यांत पडल्या पडल्या "बा-बा-बा", "दा-दा-दा" असें करीत असतें; तो त्याचा सराव असतो. टाळू उघडी असेल तर हा सराव होत नाहीं, आणि याहून वाईट म्हणजे मूल भलताच सराव करतें. वारा तोंडांत अडत नाहीं म्हणून तें तो खालीं घशांत अडवूं लागतें. "क" आणि "ट" यांच्या जागीं घशांतला एक हिसका तेवढा ऐकूं येतो. ही संवय एकदां जडली म्हणजे पुढें टाळू कितीहि चांगली शिवली तरी ती आपोआप जात नाहीं. दार दुरुस्त झालें तरी घरांतील माणसें जुन्या वाटेनेंच जात राहतात, तसा हा प्रकार आहे. शिवाय मृदु टाळूचे कांहीं स्नायु कानाकडे जाणारी नळी उघडण्याचें काम करतात. तें नीट न झाल्यामुळें अशा मुलांच्या कानांत पडद्यामागें द्रव सांचतो व ऐकूं कमी येतें. ज्याला धड ऐकूं येत नाहीं, तें धड बोलणार कसें ? तेव्हां वाणीच्या दृष्टीनें पाहिलें तर मूल बोलूं लागण्यापूर्वीं टाळू बंद झालेली असली पाहिजे.

आतां दुसरी बाजू पाहूं. ती जबड्याची आहे.

तान्ह्या मुलाकडे पाहिलें तर त्याचें डोकें मोठें व चेहरा लहान दिसतो. पुढील पंधरा-अठरा वर्षांत हा चेहरा कवटीखालून जणूं बाहेर येतो. वरचा जबडा पुढें व खालीं सरत जातो. त्याच्या मागच्या टोकास नवें हाड भरत जातें, आणि त्यामुळें दाढांना जागा मिळते. तो रुंदहि होत असतो. खालचा जबडा आपल्या गतीनें वाढतो. त्याची वाढ वरच्यापेक्षां अधिक काळ चालते आणि वयांत येण्याच्या सुमारास ती जोरांत होते. दोन्ही जबड्यांचा हा मेळ जमला म्हणजे वरचे दांत खालच्या दांतांच्या किंचित् पुढें बसतात व चेहरा प्रमाणबद्ध दिसतो.

टाळूच्या शस्त्रक्रियेंत काय करतात ? फट भरण्यासाठीं बाहेरून कांहीं आणीत नाहींत. कठीण टाळूच्या हाडाला चिकटलेलें जाड अस्तर दोन्ही बाजूंनीं सोडवितात, मध्यें सरकवितात आणि शिवतात. पांघरूण अपुरें असलें म्हणजे मध्यें ओढतांच कडा उघड्या पडतात. त्याप्रमाणें अस्तर मध्यें आणल्यावर दांतांच्या बाजूचें हाड कांहीं ठिकाणीं उघडें पडतें. तो भाग वण धरून भरून येतो, आणि वणाचा धर्म आकसण्याचा आहे. कोवळ्या झाडाच्या बुंध्याभोंवतीं घट्ट तार गुंडाळून ठेवली तर झाड मरत नाहीं, पण त्या जागीं तें जखडलें जातें. टाळूवरील वणानें तसेंच होतें. वरची दंतपंक्ति आंत ओढली जाते, कमान अरुंद होते, आणि वरच्या जबड्याचें पुढें सरणें मंदावतें. खालच्या जबड्यावर मात्र कोणतेंच बंधन नसतें. तो वाढतच राहतो. मग वरचे समोरचे दांत खालच्या दांतांच्या मागें जाऊन बसतात, घांस नीट तोडतां येत नाहीं, आणि चेहऱ्याचा मधला भाग खोलगट दिसूं लागतो. ओठाच्या शस्त्रक्रियेचाहि थोडा दाब समोरच्या हिरडीवर व दांतांवर येतो. पण जबड्याच्या मूळ हाडाची वाढ रोखण्याचा दोष मुख्यतः टाळूवरील वणाकडे जातो.

यांत फसवणूक अशी आहे, कीं हा परिणाम लगेच दिसत नाहीं. दोन वर्षांच्या मुलाचा चेहरा छान गोंडस दिसतो. पांचव्या-सहाव्या वर्षीं दांतांत फरक दिसूं लागतो. आणि खरा निकाल लागतो तो पंधराव्या-सोळाव्या वर्षीं, जेव्हां तें मूल आरशासमोर अधिक वेळ उभें राहूं लागतें, नेमकें तेव्हां!

या दोन बाजूंचें भांडण कसें सुरू झालें, तें थोडक्यांत सांगतों. तुटलेला ओठ सांधण्याची विद्या फार जुनी आहे. आपल्या सुश्रुतसंहितेंत नाकाच्या संधानाबरोबरच ओठाच्या संधानाचाहि निर्देश आहे. टाळूची गोष्ट मात्र निराळी. १८१९ सालीं पॅरिस येथें फिलिबेर रू या शस्त्रवैद्यानें जॉन स्टीफन्सन या कॅनेडियन वैद्यक-विद्यार्थ्याची दुभंगलेली मृदु टाळू शिवली. तो विद्यार्थी पुढें माँट्रिअल शहरांत वैद्यकीय शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांपैकीं एक झाला. पण भूल देण्याची विद्या तेव्हां नव्हती. जो शुद्धीवर असतां तोंड उघडें ठेवून स्थिर बसूं शकेल, त्याच्यावरच ही शस्त्रक्रिया शक्य होती. म्हणजे रोगी मोठाच असावयाचा. "केव्हां करावी" हा प्रश्नच तेव्हां उद्भवत नव्हता. १८४६ सालीं ईथरची भूल लोकांसमोर सिद्ध झाली, त्यानंतर हळूहळू लहान मुलांच्या टाळूला हात घालणें शक्य झालें. १८६१ सालीं बर्लिन येथील फॉन लांगेनबेक यानें हाडावरील अस्तर सोडवून मध्यें आणण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढें फ्रान्समध्यें व्हिक्टर व्हो यानें, आणि १९३७ च्या सुमारास इंग्लंडांत वॉर्डिल व किल्नर यांनीं तींत सुधारणा केल्या. टाळू अधिक मागें नेऊन वाणी चांगली व्हावी, हा या सुधारणांचा हेतु. आणि तो स्तुत्यच होता. पण त्यासाठीं हाड अधिक उघडें पडे, आणि वणहि अधिक होई.

जबड्यावर काय परिणाम होतो, हें नुसत्या डोळ्यांनीं मोजतां येत नव्हतें. १९३१ सालीं अमेरिकेंत ब्रॉडबेंट यांनीं डोकें एका ठराविक स्थितींत धरून क्ष-किरणांनीं छायाचित्र घेण्याची पद्धति बसविली. तीमुळें एकाच मुलाच्या चेहऱ्याची वाढ वर्षानुवर्षें मोजणें शक्य झालें. या पद्धतीचा उपयोग करून थॉमस ग्रेबर यांनीं १९४९ सालीं असें दाखविलें, कीं लहानपणीं टाळूवर मोठी शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचा वरचा जबडा खुरटलेला असतो. जबड्याची रुंदी चार-पांच वर्षांच्या वयापर्यंत बहुतेक पुरी होते. तोंवर थांबावें, असें त्यांचें म्हणणें होतें. तिकडे जर्मनींत मारबुर्ग येथें श्वेकेनडीक यांनीं १९४४ पासून निराळीच वाट धरली होती. ते मृदु टाळू लहानपणींच शिवीत आणि कठीण टाळूची फट तशीच ठेवून तीवर तबकडी बसवीत. ती फट मूल बारा-चौदा वर्षांचें झाल्यावर बंद करीत. १९८४ सालीं बाहेरच्या तज्ज्ञांनीं या रोग्यांची तपासणी प्रसिद्ध केली. जबडे उत्तम वाढलेले होते, पण बोलणें बरेंच सदोष होतें.

आतां कोणी विचारील, कीं जबडा खुरटतो तो शस्त्रक्रियेमुळेंच कशावरून ? ज्याला जन्मतःच फट आहे, तो जबडा मुळांतच दुबळा नसेल काय ? ही शंका रास्त आहे. तिचें निरसन करण्यासाठीं ज्यांच्यावर कधींच शस्त्रक्रिया झाली नाहीं, अशीं मोठीं माणसें तपासणें हा एकच मार्ग. श्रीमंत देशांत अशीं माणसें सांपडत नाहींत. तीं सांपडलीं आपल्या शेजारच्या श्रीलंकेंत. १९८० नंतरच्या दशकांत लंडनचे दंतसंरेखनतज्ज्ञ मायकेल मार्स आणि त्यांचे सहकारी तेथें गेले. खेड्यापाड्यांत त्यांना अशीं माणसें भेटलीं, कीं ज्यांचा ओठ व टाळू जन्मापासून उघडी होती आणि ज्यांना शस्त्रवैद्याचें दर्शनहि झालें नव्हतें. मार्स व ह्यूस्टन यांनीं १९९० सालीं तेरा वर्षांवरील पुरुष रोग्यांचीं मापें प्रसिद्ध केलीं. त्यांनीं तीन प्रकार ताडून पाहिले : कांहींच शस्त्रक्रिया न झालेले, नुसता ओठ शिवलेले, आणि ओठ व टाळू दोन्ही लहानपणीं शिवलेले. ज्यांच्यावर कांहींच शस्त्रक्रिया झाली नव्हती, त्यांचा वरचा जबडा पुढें चांगला वाढला होता. ओठ तेवढा शिवलेल्यांचा जबडाहि बहुतेक ठीक होता. ज्यांची टाळू लहानपणीं शिवली गेली होती, त्यांच्यापैकीं पुष्कळांचा जबडा मात्र मागें राहिला होता. म्हणजे वाढण्याची शक्ति जबड्यांत असते. तिला आवर घालतो तो वण.

हें वाचून एखादा पिता म्हणेल, "मग आम्हीं थांबतों. मुलाला अठरा वर्षांचें होऊं द्या, मग काय तें करूं." परंतु श्रीलंकेंतील गोष्ट येथें संपत नाहीं. त्याच माणसांपैकीं ज्यांची टाळू पुढें कुमारवयांत शिवण्यांत आली, त्यांच्या बोलण्याची तपासणी डेबी सेल व पामेला ग्रुनवेल या वाणीतज्ज्ञ स्त्रियांनीं केली. ती सुद्धां १९९० सालींच प्रसिद्ध झाली. टाळू बंद झाली, पण बोलणें फारसें सुधारलें नाहीं. घशांतले हिसके कायम राहिले. सारें बालपण ज्या रीतीनें गेलें, ती रीत जीभ सोडीना. चेहरा भरलेला, आणि वाणी कोणाला न कळणारी, अशी त्यांची स्थिति राहिली.

श्रोतेहो, या दोन चित्रांपैकीं कोणतें आपण आपल्या मुलासाठीं पसंत करूं ? चेहऱ्याचें दुःख लहान नव्हे. वर्गांतील पोरें चिडवतात, लग्नाच्या वेळीं नातलग कुजबुजतात. परंतु मागें राहिलेला जबडा पुढें आणण्याचा उपाय मोठेपणींहि आहे; हरवलेलें बोलणें मोठेपणीं परत मिळविणें फार कठीण आहे. या एका विचारानें जगांतील बहुतेक शस्त्रवैद्यांचा कौल शेवटीं वाणीच्या बाजूनें पडला आहे.

अलीकडच्या प्रयोगांनींहि या मतास बळकटी दिली आहे. युरोप व दक्षिण अमेरिका येथील ५५८ मुलांवर झालेला एक मोठा प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. या मुलांचा ओठ शाबूत होता, फक्त टाळू दुभंगलेली होती. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे दोन गट पाडले. एका गटाची टाळू सहाव्या महिन्यांत शिवली, दुसऱ्याची बाराव्या महिन्यांत. पांचव्या वर्षीं बोलणें तपासलें, तेव्हां बोलतांना वारा नाकांत निसटण्याचा दोष पहिल्या गटांत शेंकडा ८.९ मुलांत, तर दुसऱ्या गटांत शेंकडा १५ मुलांत आढळला. मात्र पांचव्या वर्षीं जबड्याचा अंतिम निकाल लागत नाहीं, आणि ओठापासून पडजिभेपर्यंत फट असलेलीं मुलें या प्रयोगांत नव्हतीं, हें विसरूं नये. तशा मुलांवर, म्हणजे एका बाजूस पूर्ण फट असलेल्यांवर, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड व ब्रिटन येथें मिळून प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष २०१७ सालीं बाहेर आले. त्यांतील एकांत कठीण टाळू एका वर्षाच्या वयांत बंद करणें आणि तीन वर्षांच्या वयांत बंद करणें यांची तुलना होती. पांचव्या वर्षीं दंतपंक्तींच्या मेळांत दोन्ही गटांत लक्षांत घेण्याजोगा फरक दिसला नाहीं. व्यंजनांचे उच्चार मात्र लवकर बंद केलेल्यांचे अधिक शुद्ध होते.

यावरून असें दिसतें, कीं थोड्याशा उशिरानें जबड्याचा फायदा होतोच असें नाहीं. जबड्याचें भवितव्य केवळ पंचांगावर अवलंबून नाहीं. तें शस्त्रवैद्याच्या हातावरहि आहे. अस्तर किती हळुवारपणें सोडविलें, हाड किती कमी उघडें ठेवलें, स्नायु योग्य दिशेनें जुळविले कीं नाहीं, यावर वण किती पडणार हें ठरतें. म्हणून महिना मोजण्याइतकेंच, ज्याला या कामाचा नित्य सराव आहे अशा हाताकडे मूल नेणें महत्त्वाचें आहे.

आतां आईबापांच्या उपयोगासाठीं सध्यांचा क्रम सांगतों. ठिकठिकाणीं त्यांत थोडाफार फरक असतो, पण स्थूलमानानें तो असा आहे.

जन्मल्यावर पहिलें काम दूध पाजण्याचें. टाळू उघडी असली म्हणजे बाळाला ओढतां येत नाहीं व दूध नाकांतून येतें. अशा बाळाला उभें धरून, आईचेंच दूध काढून, वाटी-चमच्यानें किंवा बोंडल्यानें थोडें थोडें पाजावें आणि मधून मधून ढेंकर काढावी. त्याचें वजन वाढणें ही पुढील साऱ्या गोष्टींची पूर्वतयारी आहे. ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत करतात. त्यासाठीं दहाचा एक जुना आडाखा आहे : वय दहा आठवडे, वजन दहा पौंड, आणि रक्तांत हिमोग्लोबिन दहा ग्रॅम. याहून कमी असेल तर भूल देण्यांत धोका अधिक, तेव्हां थांबावें. टाळूची शस्त्रक्रिया नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, आणि शक्यतों मूल शब्द जोडूं लागण्यापूर्वीं व्हावी. त्यानंतर कानांची तपासणी आणि बोलण्याचा अभ्यास. हा अभ्यास शिक्षक अर्धा तास घेईल. उरलेला दिवसभर तो आईनें, आजीनें, भावंडांनीं खेळतां खेळतां घ्यावयाचा असतो.

आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान हिरडींतील फट भरण्याची वेळ येते. कमरेच्या हाडांतील थोडा भाग घेऊन तो त्या फटींत भरतात. ही वेळ सुळ्यासाठीं निवडलेली असते. सुळा खालीं उतरण्यापूर्वीं हाड भरलें तर तो त्या नव्या हाडांतूनच बाहेर येतो आणि तेथें स्थिर होतो. विसाव्या शतकाच्या मध्यास हेंच हाड तान्हेपणीं भरून पाहिलें होतें. तेव्हांहि जबड्याची वाढ खुंटली, आणि ती रीत बहुतेक ठिकाणीं सोडून देण्यांत आली. १९७२ सालीं बॉइन व सँड्स यांनीं उशिरां हाड भरण्याची पद्धति पुढें मांडली, ती आज सर्वत्र रूढ आहे. म्हणजे टाळूच्या बाबतींत ज्या घाईस वाणीनें परवानगी दिली, ती हिरडीच्या बाबतींत देण्याचें कारण नाहीं; येथें थांबण्यांतच हित आहे. त्यापुढें दांत ओळींत आणण्याचें काम चालतें. एवढें करूनहि कांहीं मुलांचा वरचा जबडा मागें राहतो. अशांना वाढ पूर्ण झाल्यावर, मुलींना सोळाव्या व मुलांना अठराव्या वर्षांच्या सुमारास, जबड्याचें हाड सोडवून पुढें आणण्याची शस्त्रक्रिया करतां येते. तीनें चावा जुळतो व चेहरा भरतो.

हा सारा अठरा वर्षांचा प्रवास आहे, आणि आपल्याकडे तो मध्येंच सुटण्याची भीति फार. ओठ शिवला, मूल फोटोंत चांगलें दिसूं लागलें, बारशाला लपविलेलें बाळ आतां चारचौघांत आणतां येऊं लागलें, कीं घरच्यांना वाटतें काम झालें. टाळू कोणाला दिसत नाहीं. पेरणी असते, घरांत लग्न असतें, शहर दूर असतें; एक वर्ष जातें, दोन जातात. चौथ्या वर्षीं मूल बालवाडींत जातें, त्याचें बोलणें बाईंना कळत नाहीं, आणि तें गप्प बसावयास शिकतें. हुशार मूल मंद ठरतें. शस्त्रक्रियेच्या वेळेवर देशोदेशीं इतका वाद झाला, पण आपल्या खेड्यांतील पुष्कळ मुलांच्या बाबतींत तो वाद सहा महिने कीं बारा महिने असा नसतो. बारा महिने कीं बारा वर्षें असा असतो.

असें होऊं नये म्हणून २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत दुभंगलेला ओठ व टाळू यांचा समावेश केलेला आहे. अंगणवाडी व शाळा येथें मुलांची तपासणी होऊन त्यांना उपचारासाठीं पाठविण्याची त्यांत योजना आहे. गांवच्या आशाताईंनीं आणि अंगणवाडीच्या ताईंनीं नवजात बाळाच्या तोंडांत स्वच्छ बोटानें आणि उजेडांत एकदां पाहून घ्यावें. ओठ शाबूत असून टाळू तेवढी दुभंगलेली असेल, तर ती पाहिल्याशिवाय कळत नाहीं.

आणि ज्यांची वेळ निघून गेली आहे, त्यांनीं निराश होऊं नये. दहाव्या, विसाव्या वर्षींहि टाळू बंद केल्यानें अन्न व पाणी नाकांत जाण्याचें थांबतें. वाणीसाठीं त्यानंतर दीर्घ अभ्यास लागेल, आणि तिला पूर्वीच्या संवयीशीं झगडावें लागेल. तरी प्रयत्न सोडूं नये.

तेव्हां दुभंगलेली टाळू घेऊन आलेल्या बाळाच्या आईबापांना माझें सांगणें एवढेंच आहे. पहिल्या दिवशीं घाबरून घाई करूं नका, बाळाचें वजन वाढवा. पहिला वाढदिवस मात्र डोळ्यांसमोर ठेवा. त्याच्या आसपास टाळू बंद झालेली असूं द्या. त्यानंतर दरसाल मूल दाखवावयास न्या, आणि मिसरूड फुटेपर्यंत, वा मुलगी असेल तर ती कॉलेजांत जाईपर्यंत, हा रिवाज मोडूं नका. आणि घरांतील वडीलधाऱ्यांनीं पुढच्या खेपेस त्या सुनेला ग्रहणाविषयीं विचारण्यापेक्षां, "रुग्णालयांत कोणत्या तारखेस जावयाचें ? मी बरोबर येतों," असें विचारावें. त्या बाळाच्या "बाबा" या शब्दांतील "ब" स्पष्ट उमटण्यास त्याचा पुष्कळ उपयोग होईल.